चौसष्ट वेण्यांचा हात

मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं नोकरी केल्यावर वेणीबाईंना निरोप म्हणून भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं, ते तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. शिवाय अधीक्षिकाबाईंचं एक भाषण मिळालं, ते मात्र बंद पडता पडेना. भाषणात ‘शिस्त’ हा शब्द सतरा वेळा आला. वेणीबाईंनी मोजला, कारण मोजायची त्यांना सवयच होती. रोज सकाळी साडेपाच ते सात, बत्तीस मुली, चौसष्ट वेण्या. एकीच्या वाट्याला पावणेतीन मिनिटं यायची, आणि त्यात रडायला वेळ धरलेला नव्हता.

कागदोपत्री त्या नुसत्या मदतनीस. मुलींना उठवायचं, चादरींच्या घड्या घालायच्या, न्हाणीघराच्या रांगेतली भांडणं सोडवायची, एवढंच काम. वेण्या त्यांच्या गळ्यात कुणी मारल्या नव्हत्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरचे कुणी साहेब तपासणीला आले, मुलींच्या झिंज्या पाहून त्यांनी नाक मुरडलं, अधीक्षिकाबाईंचा चेहरा पडला, आणि या नव्या मदतनीस बाई पुढे होऊन म्हणाल्या, “माझ्याकडे द्या.” पुढच्या तपासणीला बत्तीस डोकी अशी चापूनचोपून बसली होती की साहेबांना बोलायला काही उरलंच नाही. त्या दिवसापासून बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं राहिलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मुलीने ठेंगण्या स्टुलावर बसायचं, तोंड भिंतीकडे, डोकं बाईंच्या दोन गुडघ्यांच्या चिमट्यात. ओल्या हाताने केस चापायचे, कंगव्याच्या टोकदार शेपटीने भांग पाडायचा, मग तीन पेड, आणि दर पेडाला एक हिसका. वेणी झाली की परीक्षा. कंगव्याची शेपटी कानावरच्या केसांखाली घालून बघायची. सरकली, तर वेणी नापास. सोडा आणि पुन्हा घाला. अडली, तर पास. एखादी मुलगी “दुखतंय” म्हणाली की वेणीबाई खुश होऊन म्हणायच्या, “दुखलं म्हणजे बसली.”

आरशाला त्या खोलीत बंदी होती. आरसा आला की पोरी तोंडं वेंगाडतात, आणि तोंडं वेंगाडली की वेळ जातो, असं बाईंचं शास्त्र होतं. त्यामुळे एकतीस वर्षं त्यांनी पाहिल्या त्या फक्त माना. रस्त्यात एखादी बाई पुढून चालली असेल तर ती कुठल्या सालची, कितव्या खाटेवरची, हे त्या मानेवरून सांगत. तीच बाई वळून “ओळखलंत का?” म्हणाली की मात्र पंचाईत व्हायची.

आणखी एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, तो म्हणजे मुलींची कपाळं. नवीन आलेल्या मुलीचे केस भुवयांवर लोंबत असायचे. चार-पाच वर्षांत तिचं कपाळ असं काही रुंद व्हायचं की आईबाप बघत राहायचे. वेणीबाईंचं निदान तयार होतं. “अभ्यासाने कपाळ मोठं होतं.” अधीक्षिकाबाईंना हे इतकं पटलं की पालकसभेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगून टाकलं. वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या रंगारूपाच्या मुलींना एकाच मापाची बुद्धी कशी काय फुटते, हे विचारण्याइतकं मोठं कपाळ पालकांपैकी कुणाचंच नव्हतं.

तर अशा या वेणीबाई निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, पण त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सून एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, म्हणजे चुका शोधायचा तिला पगार मिळायचा. आणि पाच वर्षांची एक नात. सदा काहीतरी तोंडात धरून इकडून तिकडे जाणारी म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगीचे केस तोवर तिची आई एका चिमट्यात कसेबसे अडकवून द्यायची. ते पाहून वेणीबाईंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी ठेंगणं स्टूल विकत आणलं.

चौसष्ट वेण्यांचा जोर ज्या हातात मुरलेला, त्याच्या वाट्याला आता एकच डोकं होतं, तेही पेरूएवढं. रोज सकाळी पावणेतीन मिनिटांच्या जागी वीस मिनिटं मिळू लागली. वेणीबाईंनी ती सगळी सत्कारणी लावली. त्यांच्या दिवसातली कामाची म्हणावी अशी तेवढीच वीस मिनिटं होती, बाकीच्या वेळात त्या भाजी निवडत आणि सुनेच्या चुका काढत, तेही बिनपगारी.

साधारण सव्वा वर्षाने सुनेच्या नजरेला पडलं की मुंगीच्या कानांवरचे आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे केस विरळ झालेत. वेणीबाईंच्या ते आधीच लक्षात आलं होतं, आणि त्यांनी त्याचा बंदोबस्तही केला होता. विरळ जागेवर शेजारचे केस ओढून आणून बसवायचे, आणि ते सरकू नयेत म्हणून वेणी आणखी आवळायची. असं दोन महिने झाकल्यावर जागा वाढली. मग वेणीबाईंनी आणखी लांबचे केस आणले आणि आणखी आवळलं.

आता झाकण्यासारखं राहिलं नाही तेव्हा गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. पोरीचे केस जातायत म्हटल्यावर घरात जेवढी तोंडं तेवढी निदानं.

“आयर्न कमी असणार,” वेणीबाई सुनेच्या कढईकडे बघत म्हणाल्या. “पोटात काही गेलं तर डोक्यावर येणार ना.”

सून म्हणाली, “आई, मला तर त्या खालच्या मांजराचा संशय आहे. मुंगी त्याला दिवसभर कवटाळून बसते. मांजराकडून मुलांच्या डोक्यात बुरशी येते म्हणे.”

मुलाच्या आत्याला थायरॉइड होता, म्हणून त्याचं मत थायरॉइडला. खालच्या औषधवाल्याने काउंटरवर वाकून ‘हल्ली सगळ्याच मुलांचं असं झालंय’ असं सांगितलं आणि एक तेल दिलं. ते तेल लावून वेणीबाईंनी केस चापले तर आणखी छान चापले गेले. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मुंगीने सुई पाहून जिना डोक्यावर घेतला, आणि अहवाल आला तो असा: लोह ठीक, थायरॉइड ठीक, सगळंच ठीक. सुनेचा स्वयंपाक प्रयोगशाळेत पास झाला ही बाब वेणीबाईंनी मोठ्या मनाने कानाआड केली.

“मग तापामुळे असेल,” त्या म्हणाल्या. “मागे ताप नव्हता का आला? आणि त्या शाळेचं पाणी!”

शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणजे एक तरणी मुलगी. तिने स्वतःचे केस वर गुंडाळून त्यात चक्क पेन खोचलं होतं. वेणीबाईंनी तिला आल्या आल्याच नापास करून टाकलं.

डॉक्टरने मुंगीला उंच खुर्चीवर बसवलं, दिव्याचं भिंग घेतलं आणि वेणीबाईंच्या वीस मिनिटांच्या कष्टावर पाणी फिरवत दोन्ही वेण्या सोडल्या. मग ती एकेक करून आरोपी सोडायला लागली. डोक्यावर कोंडा, खपल्या, तुटक्या केसांचे काळे ठिपके नाहीत, तेव्हा बुरशी नाही; मांजर सुटलं. शरीर आपल्याच केसांवर उलटतं तेव्हा गोल, गुळगुळीत चकत्या पडतात, तशा नाहीत. तापानंतर केस गळतात ते सगळ्या डोक्यावरून, आणि आपले आपण परत येतात. ताप सुटला, शाळेचं पाणीही सुटलं. “काही मुलं काळजीने स्वतःच केस उपटतात,” ती म्हणाली आणि मुंगीकडे वळली. “तू ओढतेस का गं केस?”

“मी नाही ओढत,” मुंगी म्हणाली. ‘मी’वर तिने चांगलाच जोर दिला होता.

“वेणी कोण घालतं हिची?”

वेणीबाई खुर्चीत ताठ झाल्या. या प्रश्नाची त्या एकतीस वर्षं वाट बघत होत्या. “मी. बत्तीस मुलींच्या रोज घालत होते. एक केस इकडचा तिकडे झालेला दाखवा.”

“दिसतंय,” डॉक्टर म्हणाली. मग मुंगीला विचारलं, “दुखतं का, बाळा, वेणी घालताना?”

मुंगीने एकदा आजीकडे बघितलं आणि पाठ केलेला पाढा म्हणावा तसं म्हणाली, “दुखलं म्हणजे बसली.”

सून खाली फरशीकडे बघत राहिली.

“आजी, हिला आजार काहीच नाही,” डॉक्टर म्हणाली, आणि तिने भिंग वेणीबाईंच्या हातात दिलं. “हे बघा. मुळांशी लाल पुटकुळ्या आहेत, त्या ताणाच्या. आणि कपाळाच्या कडेला ही बारीक केसांची झालर राहिलीये ना? ते आखूड आहेत म्हणून तुमच्या हातात येत नाहीत, म्हणून वाचलेत. जे हातात येतात ते गेलेत.”

“परत येतील ना?” सुनेने विचारलं.

“आता थांबलात तर येतील. काही महिने लागतील. केस मोकळे, नाहीतर अगदी सैल बांधायचे. हे असंच वर्षानुवर्षं चालतं तेव्हा मुळंच मरतात, आणि मग कुठल्याही तेलाने काही उगवत नाही. तुम्ही वेळेत आलात.”

घरी येताना वेणीबाई रस्ताभर बोलत होत्या. कालची शिकून आलेली पोर. स्वतःच्या डोक्यात पेन, आणि ही लोकांच्या डोक्यात बघणार. एकतीस वर्षांत एका तरी आईने तक्रार केली का? मुलगा हूं हूं करत राहिला. सुनेने घरी आल्यावर कंगवा उचलून कपाटावर ठेवला, आपला हात पोचतो पण सासूबाईंचा पोचत नाही एवढ्या उंचीवर. टोमणा मात्र एकही मारला नाही. टोमणा मारला असता तर वेणीबाईंना तोंड उघडायला जागा तरी मिळाली असती.

दुसऱ्या दिवसापासून मुंगी कपड्याचा एक मऊ पट्टा लावून, केस मोकळे सोडून शाळेत जाऊ लागली. वेणीबाई खिडकीत बसून ती झिपरी पाठमोरी आकृती बघत राहायच्या. एकच डोकं उरलं होतं, तेही हातचं गेलं. डॉक्टरचं खरं ठरलं तर ते पुन्हा मिळणार नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हात काही गप्प बसेनात. चौथ्या दिवशी घरातल्या सगळ्या पडद्यांच्या दोऱ्यांना वेण्या पडलेल्या होत्या, आणि सहाव्या दिवशी फरशी पुसायच्या मॉपला.

सातव्या दिवशी त्यांनी ठरवलं की त्या डॉक्टरला खोटं पाडायचं. पुरावा घरातच होता. बंद घड्याळाखाली वसतिगृहाचे एकतीस फोटो टांगलेले होते, दर वर्षी एक. खुर्च्यांवर शिक्षिका, समोर लहान मुली, मागे मोठ्या. मुलींची कपाळं मुळातच रुंद होती हे एकदा दाखवलं की झालं. दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी सगळे फोटो खाली उतरवले, पुसले आणि पलंगावर सालवार मांडले. चेहऱ्यांवरून त्यांना कुणी ओळखू येईना, म्हणून त्यांनी हनुवटीवर तीळ असलेली एक मुलगी धरली आणि तिला सहा फोटोंतून शोधून काढलं.

पहिल्या फोटोत तिळवालीचे केस कपाळावर आले होते. दुसऱ्यात कपाळ नीटनेटकं दिसत होतं. चौथ्यात कोपरे मागे सरकले होते. सहाव्यात ती मागच्या रांगेत उभी होती, आणि कानांच्या वर, जिथे डॉक्टरने बोट ठेवलं होतं बरोबर तिथे, काहीच नव्हतं. कपाळाच्या कडेला एक पुसटशी झालर तेवढी होती.

वेणीबाईंनी दुसरी मुलगी धरली. मग तिसरी, चष्मेवाली. मग त्यांनी मुलगी धरायचं सोडलं आणि नुसत्या रांगा बघितल्या. एकतीस वर्षं, पुढची रांग दाट केसांची आणि मागची रांग मोठ्या कपाळांची. त्या मोजायला लागल्या आणि शंभराच्या आसपास थांबल्या. पुढे मोजवेना. त्यांना लाज वाटली. सुनेची नाही, डॉक्टरची तर नाहीच. त्या मुली भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि सात वाजता “थँक यू, बाई” म्हणून उठायच्या, त्याची लाज वाटली. त्या फोटोंच्या मधोमध बसून त्या खूप रडल्या, आणि मुंगीची शाळा सुटायच्या आत फोटो पुन्हा भिंतीवर लावून तोंड धुऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या वसतिगृहात हजर. त्यांच्या जागेवर आलेली मदतनीस त्यांनीच शिकवलेली होती. तेच स्टूल, तीच भिंत, कंगव्याची तीच शेपटी. “या बाई!” ती अभिमानाने म्हणाली. “बघा, एक तरी सरकतेय का.”

एकही सरकत नव्हती. वेणीबाईंनी तिच्या हातातला कंगवा काढून घेतला आणि अधीक्षिकाबाईंना बोलावणं पाठवलं.

“मी चुकले,” त्या सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या. “या आवळण्याने केसांची मुळं मरतात. डॉक्टर सांगतायत, आणि मी फोटोत बघितलंय. आजपासून सैल घालायच्या.”

अधीक्षिकाबाईंना हे जड गेलं. “अहो, पण शिस्तीचं काय? आणि ते कपाळ तर अभ्यासाने... तुम्हीच म्हणाला होतात!”

“मी म्हणाले, आणि तुम्ही पालकांना सांगितलंत. आता हेही तुम्हीच सांगा.”

अधीक्षिकाबाईंनी विषय समितीपुढे ठेवण्याचं आश्वासन दिलं. समितीने महिनाभर विचार करून वेण्या ‘शिस्तीला बाधा न येईल इतपत सैल’ असाव्यात असा ठराव केला, आणि त्यावर सात सह्या झाल्या. पण ठराव यायच्या आधीच, त्या सकाळीच, नव्या मदतनीस बाईने विचारलं होतं, “पण बाई, सैल म्हणजे किती?” वेणीबाईंनी एका मुलीची वेणी सोडून पुन्हा घातली, केसांखालून कंगव्याची शेपटी इकडून तिकडे सहज फिरवून दाखवली आणि सांगितलं, “आता अडली तर नापास.” पुढे आठवडाभर त्या रोज सकाळी जाऊन परीक्षा घेऊन आल्या. घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सुनेला ते कळलं ते छापखान्यात. समितीचं परिपत्रक तिच्याच टेबलावर तपासायला आलं, आणि त्यात चुकून ‘सैल’चं ‘सील’ झालं होतं ते तिने नीट केलं.

चार महिन्यांनी मुंगीच्या कानांवर बारीक लव आली. मग लवेचे केस झाले. मुंगी रोज आरशाजवळ जाऊन त्यांना बोटाने खाली वर करून बघायची आणि “अजून आहेत,” असं घराला सांगायची.

एका सकाळी छापखान्यात कामाची घाई होती. सुनेने चपला घालता घालता थांबून कपाटावरचा कंगवा काढला आणि सासूबाईंच्या पुढे धरला. “आई, आज तुम्ही घालाल का? मुंगी, चालेल ना गं?”

मुंगीने विचार केला. “चालेल. पण आरशासमोर.”

स्टूल आरशासमोर आलं. सहा महिन्यांत वेणीबाईंच्या हाताखाली ते डोकं आलं नव्हतं. त्यांनी हात कोरडे पुसले, गुडघे दूर ठेवले, भांग पाडला, आणि तीन पेड हातात घेतले ते इतके हळू की पेड आहेत की नाहीत कळू नये. पहिली वेणी मानेपर्यंत आली. सवयीने त्या मानेकडेच बघत होत्या. मग त्यांनी वर आरशात बघितलं.

मुंगीने डोळे गच्च मिटले होते. ओठ आत ओढून दाबले होते, खांदे कानांपर्यंत चढवले होते, आणि दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. वेणीबाईंनी हे कधी बघितलं नव्हतं. एकतीस वर्षांत एकदाही नाही. तेव्हा समोर भिंत होती.

“दुखतंय का गं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता.

“नाही.”

“मग डोळे का मिटलेस?”

“आता दुखेल ना.”

वेणीबाईंनी पेड सोडले. दोन्ही तळवे मुंगीच्या कानांवर, त्या नव्या केसांवर, हलकेच ठेवले आणि तिचे खांदे खाली येईपर्यंत तसेच ठेवून बसल्या. शाळेला उशीर होत होता. खालून मुंगीच्या मैत्रिणीने दोनदा हाक मारली.

“नाही दुखणार,” त्या म्हणाल्या. “उघड डोळे. बघत राहा माझ्या हातांकडे, आणि ओढलं असं वाटलं की ओरड.”

मुंगीने आधी एकच डोळा उघडला. दुसरा उघडला तो दुसरी वेणी पुरी झाल्यावर.